राहिलेला घास

तुळशीला पाणी घातल्याशिवाय आपल्या तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा नेम मला माझ्या आईनं लावला. मी परकरात होते तेव्हापासूनचा. माळ घातली ती लग्नानंतर, औशाजवळच्या आमच्या गावच्या सप्ताहात. बुवा म्हणाले, बाई, मांस-मच्छी तर सुटेलच, खोटं सुटलं पाहिजे. मी मान हलवली. दोन्ही नेम आजवर चालवत आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, घरोघरच्या बाया याहून कडक नेम करतात. पण पुढं जे सांगायचंय ते या दोन नेमांशिवाय कळणार नाही.

दोन-चार वर्षांपासून सकाळी उठले की जीभ टाळूला चिकटलेली असायची. बोटानं सोडवावी लागायची. डोळे उघडताना पापणीखाली वाळू असल्यासारखं खुपायचं. मी तशीच उठायची, आंघोळ करायची, तुळशीला तांब्या घालायची आणि मग तिथंच उभ्यानं घटाघटा पाणी प्यायची. एवढी तहान लागते ती देवाला आवडत असेल, असं मला वाटायचं. हसण्यासारखंच आहे, पण वाटायचं.

जेवतानाही तेच. ज्वारीची भाकरी पाण्याशिवाय उतरेना. घास तोंडात घोळवला तरी त्याला ओल सुटायची नाही, पीठ तसंच्या तसं गालात बसायचं. मग पाण्यानं ढकलायचा. आमचे हे, व्यंकटराव, थट्टेखोर माणूस. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "हिचं जेवण न्हाई, भिजवन हाय. दर घासाला एक पाळी पानी." सगळे हसले, मीही हसले. गावातल्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती नव्हती. कुणी उष्णता म्हणालं, सब्जा भिजवून प्यायले. डोळ्यांसाठी चष्मा घेतला. दाढा एकामागून एक किडून तुटल्या, तर वय झालं म्हणून सोडून दिलं. हातांची बोटं सकाळी आखडायची, ते तर शेतातल्या प्रत्येक बाईचं असतं. सगळी दुखणी वेगवेगळी आहेत असंच मी धरून चालले होते.

मुखेडकडचं माझं माहेर. आईवडील कधीच गेले. माहेर म्हणजे माझा थोरला भाऊ शेषेराव आणि धुरपता वैनी. वैनी लग्न होऊन आली तेव्हा मी लहान होते. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझं पहिलं लुगडं तिनं नेसवलं. पंचमीला दादा स्वतः न्यायला यायचा. एसटीतून उतरला की फाट्यावरूनच हाक मारत यायचा, "सरजे, आवरलं का न्हाई अजून?"

गेल्या वर्षी पौषात पहाटे भाच्याचा, दादाच्या सत्यमचा, फोन आला. दादा गोठ्यात दावं सोडायला गेला आणि तिथंच बसला, तो उठलाच नाही. मी आंघोळ केली नव्हती, तुळशीला पाणी घातलं नव्हतं. अंगावरच्या लुगड्यानं निघाले. लातूरला गाडी बदलली. वाटेत यांनी पाण्याची बाटली पुढं केली तर मी मान हलवली. नेम झाला नव्हता.

बहीण येईपर्यंत दादाला ठेवलं होतं. बहिणीनं भावाच्या तोंडात पाणी घालायचं असतं. मी तुळशीच्या पानानं त्याच्या ओठांवर पाणी सोडलं, ते गालावरून उशीवर उतरलं. माझे स्वतःचे ओठ चिरले होते. वैनी माझ्या गळ्यात पडली. आमच्याकडं बाया बोलत बोलत रडतात, गेलेल्या माणसाचं एकेक काढून. वैनी म्हणत होती, तुझा दादा गेला गं सरजे, आता पंचमीला तुला कोन आनंल, फाट्यावरून कोन हाक मारंल. तिचं पाणी माझ्या खांद्यावर पडत होतं. मला आतून सगळं पिळवटून येत होतं. डोळ्यांची आग आग होत होती, पण त्यांतून काही येईना. तोंड उघडलं तर आवाज फुटेना, जीभ वळेना. मी नुसती उभी राहिले. रडणाऱ्या बाईच्या हातात एखादं खांबाचं लाकूड यावं तशी.

भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, सरजाबाई, माझ्याच नावाची, आमची चुलत चुलती. ती शेजारणीला म्हणाली, "डोळ्याला टिपूस न्हाई गं पोरीच्या." हळू म्हणाली, पण रडण्याच्या मधल्या थांब्यात ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पुरुष माणसं माती देऊन, नदीवर आंघोळ करून आली. शेजारच्यांनी भाकरी आणि बिनफोडणीचं पिठलं आणलं. कडू घास. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा दुसऱ्याच्या घरचा हा घास खाऊन जगायला लागायचं. वैनी काही केल्या तोंड उघडेना. बाया म्हणाल्या, नणंदेला आधी दे, ती घेईल, मग तू घे. वैनीनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि माझ्या तोंडात दिला.

मी चावला. चावतच राहिले. पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता. घासाचा गोळा झाला आणि तो टाळूला जाऊन बसला. ना आत जाई ना बाहेर येई. कुणीतरी तांब्या पुढं सरकवला. मी हातानंच नको म्हटलं. सुतकाच्या घरात तुळशीला पाणी घालता येत नाही, म्हणून मला प्यायचं नव्हतं. सुतकात नेमच उचललेला असतो, त्याचं बंधन राहत नाही, हे मला त्या दिवशी सुचलंच नाही, आणि असल्या वेळी आपल्या नेमाचं कुणाला काय सांगायचं. श्वास कोंडला तशी मी उठले, न्हाणीपाशी गेले आणि तो घास बोटानं काढून टाकला.

मागं वळले तर वैनी बघत होती. तिनं समोरचं ताट दोन्ही हातांनी लांब सारलं.

"रडायचं नव्हतं तर न्हाई रडायचं," ती म्हणाली. "पानी नको होतं तर नको. पन माझ्या हातचा घास कशाला टाकलास, माय?"

जीभच वळत नव्हती, आणि वळली असती तरी काय सांगणार होते?

तेराव्याला गेले. वैनी सगळ्यांचं बघत होती, माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या पानावर दुसऱ्याच कुणी वाढलं. पुढं पंचमी आली आणि गेली. सत्यमनं एकदा फोन केला, इकडचं तिकडचं बोलला, ये म्हणाला नाही. त्याचाही नाइलाज असेल. गावात बोलणं होत होतं ते कानावर यायचंच. बहिणीनं टिपूस गाळलं नाही, भावाच्या घरचं पाणी घेतलं नाही, घास थुंकला. शेताच्या वाटणीवरून मनात काही असेल, असंही कुणी म्हणालं. दादाकडं मी कधी वाटणी मागितली नव्हती.

लोकांचं सोडा. मला माझंच भ्या वाटायला लागलं. ज्या भावानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याच्यासाठी मला रडू येऊ नये? रोज देवासमोर बसून मी दादाची आठवण काढायची. छातीत कळ यायची, हुंदका यायचा, डोळे मात्र कोरडे. मी स्वतःला म्हणायची, माळ घालून, नेम करून तुझं मन एवढं टणक झालं का? मग मी सोमवारचा उपास निर्जळी करायला लागले. देवा, मन ओलं कर, एवढंच मागणं होतं.

निर्जळीनं जे व्हायचं ते झालं. दोन्ही गाल कानाखाली सुजले, गालफुगी झाल्यासारखे. ताप आला. पाणीसुद्धा गिळताना दुखायचं. माझी मुलगी वर्षाराणी लातूरला असते. ती आली आणि मला बघून बापावरच ओरडली. यांनी नेहमीसारखं थट्टेवर न्यायला बघितलं, पण त्यांचा आवाज बसला होता.

लातूरच्या दवाखान्यात आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी कागदाची एकेक बारीक पट्टी माझ्या दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. वर्षाराणी हात धरून बसली होती. थोड्या वेळानं पट्ट्या काढल्या. डॉक्टरांनी त्या उजेडात धरल्या आणि मला दाखवल्या. चांगल्या डोळ्याचा कागद अर्धाअधिक भिजतो म्हणे. माझा पापणीत अडकवला होता तेवढ्या टोकालासुद्धा नीट ओला झाला नव्हता.

तिथून सांधेवाताच्या डॉक्टरकडं पाठवलं. मला वाटलं होतं बोटं दुखतात म्हणून. त्या बाई होत्या, वर्षाराणीहून थोड्या मोठ्या. रक्त काढलं, खालच्या ओठाच्या आतून बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आल्यावर त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. या आजाराला शोग्रेन म्हणतात. नाव परदेशी, माझ्या कोरड्या तोंडाला ते आजही नीट वळत नाही. आपल्या शरीरात बाहेरच्या रोगाशी लढणारी एक शक्ती असते. ती माझ्या बाबतीत चुकली होती. मी विचारलं, चुकली म्हणजे कशी? तर म्हणाल्या, "मावशी, शेतावर राखण्या ठेवलाय समजा. तो चोराला सोडून घरच्याच माणसांना मारायला लागला तर? तसं झालंय. डोळ्यात पाणी आणणाऱ्या, तोंडात लाळ आणणाऱ्या ज्या ग्रंथी असतात, त्यांनाच तो मारतोय." दात त्यामुळंच किडले, सांधे त्यामुळंच दुखतात, थकवाही त्याचाच. बायकांना जास्त होतो, आणि वर्षानुवर्षं कळत नाही, कारण प्रत्येक दुखणं वेगळ्या डॉक्टरला दाखवलं जातं.

बरा होतो का, वर्षाराणीनं विचारलं. पुरता बरा होत नाही, त्या म्हणाल्या. गोळ्यांनी आवरता येतो. दर काही महिन्यांनी तपासायला यायचं, दातांना जपायचं, डोळ्यात दिवसातून अनेकदा थेंब घालायचे, आणि पाणी जवळ ठेवून घोट घोट पीत राहायचं. निर्जळी तर विसरूनच जायची.

मग मी एकच विचारलं. माझा भाऊ गेला तेव्हा मला रडू आलं नाही, ते यानंच का?

बाईंनी समोरचा कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं ते मला कसं सांगता येईल, मावशी? पण या डोळ्यांतून पाणी यायला जागाच राहिलेली नाही, एवढं नक्की सांगते."

जिन्यावर वर्षाराणी रडली. मी तिचे डोळे पुसले.

सकाळचा प्रश्न राहिला. उठल्या उठल्या पाणी प्यायचं, आणि तुळशीच्या आधी प्यायचं नाही. मी दोन दिवस नुसती अडून बसले. यांनी तोड काढली. म्हणाले, "मग तुळशीला जरा लवकर उठव. तिला बी तहान लागतच असंल." आता मी उठते आणि पारोशीच अंगणात जाते, तुळशीला पाणी घालते, मग पिते. आंघोळ नंतर. आईनं असं कधी केलं नसतं. रोज तेवढं टोचतं आणि रोज तेवढं करते.

वर्षश्राद्धाचा दिवस जवळ आला. सत्यमनं फोन करून तिथी सांगितली, या म्हणाला. तुझ्या आईनं सांगायला सांगितलंय का, असं मी विचारलं नाही. वर्षाराणी म्हणत होती, मी मामीला फोनवर सगळं समजावून सांगते. मी नको म्हटलं. घास तिच्या हातचा होता, सांगायचं तर मीच तोंडानं सांगायचं.

हे आणि मी निघालो. गाडीच्या खिडकीतून वारं लागून डोळे ठणकायला लागले. फाट्यावर उतरलो. हाक मारायला कुणी नव्हतं. घर दिसायला लागलं तशी मी लिंबाखाली थांबले, पिशवीतून थेंबांची बाटली काढली, मान वर केली. बाटली जरा जोरातच दाबली गेली. एका डोळ्यात दोन-तीन थेंब जास्त पडले, दुसऱ्यातही तेच. डोळ्यांत मावले नाहीत ते गालांवर उतरले. पदरानं पुसणार, तेवढ्यात दारातून वैनी बाहेर आली. तिच्या हातात कावळ्याचं पान होतं.

तिनं मला बघितलं. माझे गाल बघितले. पान ओट्यावर ठेवलं आणि चप्पल न घालताच ती अंगण ओलांडून आली. वर्षभरात ती अर्धी झाली होती. तिनं मला कवळ्यात घेतलं, डोकं माझ्या खांद्यावर टाकलं.

"आलं गं माय," ती म्हणाली. "आलं तुझ्या डोळ्याला पानी. मला वाटलं होतं तुझा दादा तुला परका झाला."

बाया दारात गोळा झाल्या. ती भिंतीकडची म्हातारीही काठी टेकत आली आणि पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. वैनीच्या अंगाला शेणाचा, दुधाचा वास होता, माझ्या वेण्या घालायची तेव्हाचाच. एक वर्ष मी याच कवळ्यासाठी झुरत होते. काही बोलले नसते तर सगळं मिटलं असतं. मी काही खोटं बोलणार नव्हते, नुसतं गप्प राहायचं होतं. यांनीही मागून हळूच माझ्या कोपराला धरलं. त्यांचं म्हणणं मला कळलं. पण बुवांनी खोटं सुटलं पाहिजे म्हटलं होतं तेव्हा गप्प राहून बोललेलं खोटं वेगळं काढलं नव्हतं. आणि दादासाठीचं पाणी म्हणून औषध कसं द्यायचं?

"वैनी," मी म्हणाले, "हे औषध हाय. आत्ता घातलं."

तिनं मान वर केली. मी मुठीतली बाटली दाखवली. आणि कोरड्या तोंडानं, अडखळत, मध्ये मध्ये पाण्याचे घोट घेत मी सगळं सांगितलं. कागदाच्या पट्टीचं, राखण्याचं, त्या दिवशी पहाटेपासून तोंडात पाणी नव्हतं त्याचं, तुळशीच्या नेमाचं.

ती ऐकत होती. तिचे हात माझ्या खांद्यांवरून सैल झाले, मग खाली आले.

"म्हंजी आज बी न्हाई?"

"आज बी न्हाई, वैनी. हितून पुढं बी न्हाई."

ती वळली, ओट्यावरचं पान उचललं आणि कावळ्याला ठेवायला गेली. बाया एकेक करून आत गेल्या.

कावळा लवकर शिवला. पंगत बसली. पुरण, खीर, आमटी, वडे, दादाला आवडायचं ते सगळं. मी बायांच्या पंगतीत शेवटाला बसले. वैनी वाढत होती. माझ्यापर्यंत आली आणि पुढं निघून गेली. माझं पान रिकामंच राहिलं. शेजारची बाई आपल्या पानाकडं बघत राहिली. मी पण खाली मान घातली. वाटलं, संपलं.

मग स्वयंपाकघरातून वैनी आली ती एक ताटली घेऊन. ताटलीत ज्वारीची भाकरी होती आणि पिठलं. बिनफोडणीचं. ती खाली बसली, माझ्या समोर.

म्हातारी म्हणाली, "आगं धुरपते, आज श्राद्ध हाय. आज कडू घास नसतो करत."

"माझा ऱ्हायलाय," वैनी म्हणाली. "त्या दिशी ताट सारलं ते सारलंच, आत्याबाई. मी घेतलाच न्हाई."

एवढं वर्ष तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हाच कळलं. सगळ्यांनी धरलं होतं की त्या दिवशी मी निघून गेल्यावर तिनं कडू घास घेतला असेल.

तिनं भाकरी मोडली. तुकडा पिठल्यात टाकला, वरून तांब्यातलं पाणी थोडं घातलं, बोटांनी कुस्करला, आणखी थोडं पाणी घातलं, लहान लेकराला भरवायचा असतो तसा मऊ केला. मग माझ्या तोंडाजवळ आणला आणि थांबली.

"जाईल का?"

"बघू," मी म्हणाले.

घास तोंडात आला. त्याला चव अशी मला लागली नाही. आता कशालाच फारशी लागत नाही. मी तो जिभेवर फिरवला. वैनीनं तांब्या माझ्या ओठाला लावला. मी पाणी घेतलं. गिळला. घशात अडल्यासारखा वाटला, मग आणखी एक घोट घेतला, तसा खाली गेला.

मी तुकडा मोडला, पिठल्याला लावला. वैनीनं डोळे मिटून तोंड उघडलं. घास घेतला, चावला, आणि चावता चावताच तिचे डोळे भरून वाहायला लागले. ती आवाज करत नव्हती. पाणी तिच्या हनुवटीवरून ताटलीत पडत होतं. मी ते बघत राहिले. मला तेवढंच करता येत होतं.

तांब्या रिकामा झाला होता. वैनीनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि तो भरून आणून माझ्या पानाशी ठेवला.